बैलाच्या अभिनयाबाबत

विषय: गाण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये पुन्हा प्रवेश मिळण्याबाबत.
संदर्भ: एका सिनेमाविषयी मी दिलेले मत.

त्याचं असं झालं, आमच्या ग्रुपवर मी रोज नवं सापडलेलं गाणं टाकतो आणि कुणी न विचारता सिनेमांवर मतही देतो. कोळवणच्या भातखाचरांत शूटिंग झालेला एक सिनेमा पाहून लिहिलं, ‘सगळे कृत्रिम. एक बैल तेवढा नैसर्गिक.’

ग्रुप चालवणाऱ्या ज्ञानोबाचा लगेच फोन आला.

“भाऊसाहेब, त्या बैलाचा कासरा कुणाच्या हातात व्हता?”

“नीट दिसलं नाही.”

“माझ्या! चार दिस उन्हात हुबा व्हतो. अन् तुमाला बैल दिसला?”

“बैल पुढे होता हो.”

त्याने मला ग्रुपमधून काढून टाकलं.

परवा पेटीवर वाजवलेलं एक जुनं भजन सापडलं. इतकं गोड, आणि पाठवायला जागा नाही. मग सिनेमा पुन्हा पाहिला. कासरा खरोखर झकास धरला होता. तसा लेखी अर्ज घेऊन कोळवणला गेलो. ज्ञानोबाने तो दोनदा वाचला, चहा पाजला आणि गोठ्याकडे बघत म्हणाला, “बैलाला इचारून सांगतो.”

अर्ज सध्या बैलाकडे प्रलंबित आहे.