मालक एक, खोल्या वेगळ्या

माझं चुकलं का, ते तुम्हीच सांगा. नवऱ्याला सुट्टी नव्हती, म्हणून आमची छोटी गाडी सर्व्हिसिंगला मीच नेली. चार महिन्यांच्या लेकीला, परीला, मागच्या बेबी सीटमध्ये बांधलं आणि छावणीतल्या घरापासून दहादा मागं बघत शोरूम गाठलं. तिथं ती भुकेनं रडायला लागली.

आत बाळाला पाजायला छान खोली होती, पण दारातल्या माणसानं अडवलं. "मॅडम, ही आमच्या लक्झरी ब्रँडच्या कस्टमरसाठी आहे."

"अहो, पण कंपनी एकच ना?"

"मालक एक, ब्रँड पाच. तुम्ही बाहेर बाकड्यावर बसा."

बाकड्यावर, सगळ्यांसमोर! एरवी मी भांडायच्या आधीच सॉरी म्हणते, पण लेकरू रडत असताना डोकंच फिरलं. शोरूमच्या मधोमध मांडलेल्या काळ्या लक्झरी गाडीत शिरले, दार लावून घेतलं आणि परीला पाजलं.

तो काच वाजवत राहिला. "मॅडम, लई महागाची गाडी आहे! उतरा!"

परी झोपल्यावरच उतरले. दार हळूच लावलं आणि म्हणाले, "हळू बोला. या गाडीची दारं आपल्या एमआयडीसीत माझाच नवरा बसवतो. नीट लागतात का, तेवढं बघत होते."