चाफेखिंडीतला आपोआप चढ

ऐका. आन ऋत्या, आदी त्यो मोबाईल खाली ठिव. मगाशी काय म्हनलास? उद्या सांजंला मोटारसायकल घिऊन चाफेखिंडीत जानार. बंद गाडी आपोआप चढ चढती, त्येचा व्हिडिओ काढनार. आपोआप! आरं, चुलीवरचं दूधसुदिक आपोआप उतू जात न्हाई, खाली जाळ लागतो. आन तू मला आपोआप शिकवतोस? शेकोटीत लाकूड सार आन गप बसून ऐक. समद्यांनीच ऐका.

ती पुन्याची पोरगी आटवती का? अश्लेषा. लाल गाडीवाली. एकटीच फिरायची. देवाला न्हाई, पावन्याकडं न्हाई. रस्त्याकडंला जे काय इचित्र आसंल ते बघत हिंडायची. कुनी घरावर ट्रॅक्टरासारकी पान्याची टाकी बांधली, ही निघाली बघाया. कुटं ढाब्याम्होरं दोन मजली कोंबडा उभा केला, निघाली. कुटं फाट्यावर म्हशीएवडा सिमेंटचा आंबा. फोटू काढायचा, तितल्या मानसांसंगं च्या प्यायचा, चार शब्द बोलायचं, म्होरं जायचं. मला आदी हसू आलं व्हतं, कामधंदा न्हाई म्हनलं हिला. पन पोरगी मानसाला मानूस समजनारी व्हती, ह्ये ध्येनात ठिवा.

तर त्या दिशी कोंबड्यापाशीच तिला दिवस मावळला. ढाबेवाला म्हनला, "ताई, आता हितंच ऱ्हावा. घाटात रातचं जाऊ नका."

ही म्हनली, "एकच राहिलंय, काका. तो जादूचा चढ. तेवढा बघते आणि साताऱ्यात मुक्काम करते."

निघाली. अंधारात. एकटी.

खिंडीच्या पायथ्याला रावसाची टपरी. रावसा आटवतोय न्हवं? त्यानंच त्यो बोर्ड लावलेला. 'जादूचा चढ. गाडी न्यूट्रलला टाका, आपोआप वर जाते.' ऐतवारी जत्रा भरायची तितं. च्या, भजी, कनसं, पोरं, फुगं. रावसा टपरीला कुलूप लावत व्हता. हिनं इचारलं, "दादा, रात्रीपण चढते का?"

त्यो दात काडत म्हनला, "रातची तर लई जोरात चढती." आन गेला घरला. पोरीला एकटी तितं सोडून. सोडून जायाची सवयच व्हती त्या मुडद्याला.

हिनं चढाखाली गाडी उभी केली. इंजिन बंद. न्यूट्रल. हातबिरेक सोडला. गाडी हलली. खाली न्हाई, वर. पोरगी खुदकन हसली, मोबाईल काडला, एकटीच म्हनली, "खरंच की."

मंग मागनं आवाज आला. धाप. मानूस वझं ढकलताना टाकतो तसली. हं. हं. हं. हिनं आरशात बघितलं. कुनी न्हाई. पन मागच्या काचंवर दिसभराची धूळ बसलेली, आन त्या धुळीत दोन पंजं उमटलेलं. हात न्हाईत, नुसतं पंजं. आन ती बोटं काचंवर दाबत व्हती.

हिनं बिरेक दाबला. गाडी थांबना. हातबिरेक वडला. थांबना. चावी फिरवली. इंजिन नुसतं खाकरलं. गाडी पळाया लागली, ऐका, चढावर पळाया लागली. चढ सपतो तितं वळान हाय. कठडा न्हाई. खाली दरी. स्टेरिंग फिरना. म्होरचं एक चाक कडंच्या भाईर गेलं, गाडी कलली, पोटावर अडकली. चाकाखालचा दगूड सुटून खाली गेला. त्यो पडल्याचा आवाज लई येळानं आला.

आन मागनं कुनीतरी म्हनलं, "थांबा. मला घ्या."

कोन व्हता त्यो? माजा पाठचा भाऊ. केरबा. तुमाला घरात सांगत्यात, थंडीनं गारठून मेला. खोटं सांगत्यात. पौषातली रात व्हती. बाजारासनं आलेली जीप खिंडीत बंद पडली. रावसाची जीप, रावसाच चालवत व्हता. समदी उतरली, धक्का मारला. केरबा मदोमद, समद्यात जोर त्येचा. इंजिन लागलं. आता आपली रीत काय? चढावर गाडी थांबवायची न्हाई, परत बंद पडती. वर सपाटीला न्यायची, इंजिन चालू ठिवून उभी करायची. धक्का मारनारी मागनं चालत येत्यात. शेंबड्या पोराला ठावी हाय ही रीत.

रावसा थांबला न्हाई. बाकीची पळत्या जीपला लोंबकाळली. केरबाचा पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. त्यो वराडला, थांबा, मला घ्या. समद्यांनी ऐकलं. मला कसं ठावं? त्यातलाच एक मरताना माज्याम्होरं रडला. म्हनला, "आक्का, आमी ऐकलं व्हतं. पन जेवायची येळ झालती."

जेवायची येळ. आन हितं मी त्येची भाकरी झाकून बसले व्हते.

सकाळी गवळ्याला सापडला. घोंगड्याचं टोक दातात धरलेलं. मंग वर्सं गेली, रस्ता डांबरी झाला, आन त्याच चढावर त्याच रावसानं बोर्ड लावला. आपोआप म्हनं. माजा भाऊ ढकलत व्हता रं! मेल्यावरबी ढकलत व्हता, वर सपाटीला कुनीतरी थांबंल म्हून. एक मायेचा पूत थांबला न्हाई. हसायची, टाळ्या पिटायची, भजी खाऊन निघून जायची. मानसानं किती सोसायचं? त्येचंबी डोकं फिरलं. त्यो दरीकडं ढकलाया लागला.

आता ती पोरगी. दरीच्या तोंडावर अडकलेली. पन तिच्या बापाची एक खटारा गाडी व्हती, ल्हानपनी रोज सकाळी धक्का मारून ती चालू करायची. बाप म्होरं कोपऱ्यावर थांबायचा, दार उगडून. धक्का मारनाऱ्याला टाकून जात न्हाईत, एवडं तिला बापानं शिकवलं व्हतं. तिनं हात मागं घातला, मागचं दार उगडलं, आन रडत रडत म्हनली, "या. बसा. मी थांबलेय."

गाडी मागनं दबली. धा पोती टाकल्यागत दबली. आन त्या वझ्यानं मागची चाकं जमिनीला घट्ट टेकली, दरीकडं कललेलं म्होरचं तोंड वर उचललं. दार लागलं. चावी फिरवली, इंजिन लागलं. तिनं गाडी मागं घेतली, वळवली. आरशात बघितलं न्हाई. येवडंच इचारलं, "कुठं सोडू तुम्हाला?"

मागनं आवाज आला, "वाडीत. आक्काकडं."

मी वट्यावर जागीच व्हते. मला तरी झोप कुटं हाय तवापासनं. लाल गाडी दारात उभी ऱ्हायली. मागचं दार उगडलं. वल्या घोंगड्याचा वास माज्या अंगावरनं घरात गेला. पोरगी खाली उतरली ती माज्या गळ्यातच पडली. तिला पानी दिलं, समदं इचारून घेतलं, माज्याजवळ निजवलं. सकाळी दुसऱ्या वाटंनं लावून दिली.

पन त्या राती, ती निजल्यावर, केरबा चुलीपाशी बसला व्हता. म्हनला, "आक्का, गाडी का थांबली न्हाई?"

मी सांगितलं. का सांगू नये? रावसाचं नाव सांगितलं. जीपंत कोन कोन व्हतं, समद्यांची नावं सांगितली.

म्होरच्या ऐतवारी चढावर एकबी गाडी हलंना. लोकं रावसावर हसली, शिव्या दिऊन गेली. सांजंला समदी पांगल्यावर रावसा सोताच गाडीत बसला. न्यूट्रल. मंग चढली. आपोआप. खाली वाडीपत्तुर त्येचं वराडनं आलं, "थांबा, थांबा." मी ऐकलं. समद्या वाडीनं ऐकलं. कोन उठलं न्हाई. जेवायची येळ व्हती.

सकाळी त्येची गाडी दरीत दिसली. तुमी म्हनता बिरेक फेल झालं. म्हना.

आता ऋत्या, हिकडं बघ. मरताना माज्याम्होरं रडला त्यो तुजा आजा. निदान त्यो बोलला. म्हून तुला सांगते, न्हाईतर उद्या जाऊ दिलं असतं. चाफेखिंडीची वाट तुज्यासाठी न्हाई. दिसा न्हाई, राती न्हाई, लगनाला न्हाई, मैताला न्हाई. बाकीच्यांनीबी आपापल्या घरात इचारा, त्या जीपंत आपला कोन व्हता. आन कुटंबी, कुनीबी तुमच्या गाडीला धक्का मारला, तर वर थांबा. दार उगडा. हाक मारा त्येला.

उठा आता. घरला जावा. आन जाताना माजं दार लोटू नका. केरबा भाईर गेलाय, यील इतक्यात.