वेंडल विमानतळावरून परत का आला

मंडळी, बसा. दारातले, आत या आणि दार लावा, एसीची हवा जाते. मला भाषण येत नाही. चौथीपर्यंत शाळा, पुढे चूल. तुमच्यातल्या अर्ध्यांना मी रोज मेसमध्ये वाढते, तेव्हा सुनंदामावशी कोण ते सांगायला नको. बोलताना मध्येच थांबले तर थांबू द्या. पाणी घेऊन धावू नका.

टेबलावर हा फोन आहे. त्यावर वेंडलची बहीण आहे, लोरेन, तिकडे अमेरिकेत. कुलकर्णीसाहेब तिला इंग्लिशमध्ये सांगतायत. साहेब, मी बोलेन तेच सांगा. गोड करून नको.

कारण दुपारी तिने मला एकच विचारलं. "माझा भाऊ आईच्या मातीला का आला नाही?" रडत नव्हती ती. चिडलेली होती. दोन वर्षं ते तिच्या पोटात आहे. मी म्हटलं, संध्याकाळी सांगते, सगळ्यांसमोर सांगते. म्हणून उभी राहिलेय.

मघाशी श्रद्धांजली वाहताना साहेब म्हणाले, वेंडल मोठा स्टार होता. कसला स्टार! मी त्यालाच विचारलं होतं, किती गोल मारलेस रे? हसला. म्हणाला, "मावशी, आमचा फुटबॉल वेगळा. आणि मी तर बॉलला हातसुद्धा लावला नाही."

"मग पगार कशाचा घेत होतास?"

"माझ्या मागे एक जण बॉल घेऊन उभा असतो. समोरून माणसं त्याला आडवा करायला धावत येतात. मी मध्ये."

मध्ये. एवढंच काम. डोक्याला डोकं आपटायचं, पडायचं, उठायचं, परत मध्ये. आठ-नऊ वर्षं तो त्यावर जेवला. टाळ्या मागच्याला. मी म्हटलं, तुझं नाव तरी घेत होते का? तर म्हणतो, "नाव नाही, नंबर. लाउडस्पीकरवर माझा नंबर पुकारायचे, माझी चूक झाली की." नीट केलं तर कोण कशाला पुकारील?

मग गुडघे गेले. टीमने सोडला. इकडे आखातात, या शर्क भागात, एका जिममध्ये शिकवायला आला आणि आपल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला राहिला. पहिल्यांदा मेसमध्ये आला तेव्हा दारातून आडवा होऊन आत शिरला. आपला दिनेश ड्रायव्हर मोठ्याने म्हणाला, "मावशी, आज भात संपला!" आठवतं ना रे दिनेश? मग शुक्रवारी तुम्ही तिघं-तिघं मिळून त्याला पॅसेजमध्ये ढकलायचात. हलायचा? दिनेशला तर उचलून चपलांच्या मांडणीवर बसवला होता. गुडघ्यांपायी रडायचा, पण तुमच्याशी खेळायचा.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लोरेनला माहीत नाही.

लोरेन, ऐक. त्याचं डोकं गेलं होतं. वेडा नव्हता. ते आपटून आपटून आतून झिजलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता मागे फिरणार नाही. उजेड सोसत नव्हता, आवाज सोसत नव्हता. जिमचं काम सुटलं. मेस रिकामी असते म्हणून चार वाजता जेवायला यायचा. आला की मी ट्यूब घालवायची, टीव्ही बंद करायची. जेवून हात धुऊन यायचा आणि परत बसायचा. "मावशी, ताट?" मी परत वाढायची. थोडा भात, थोडं सार. कुणी हसलं नाही. हसलं असतं तर माझ्याशी गाठ होती.

शुक्रवारी तो तुला फोन करायचा ना? तुझ्या मुलींची नावं विसरायचा. दिनेश बाजूला बसून हळूच सांगायचा. तुला कळलं नाही. कळू नये म्हणूनच होतं ते.

आणि आई गेली तेव्हा तो निघाला होता. ऐकलंस? निघाला होता. तिकीट काढलं, काळा कोट मी स्वतः इस्त्री करून दिला. दिनेशने एअरपोर्टच्या दारात सोडलं. आत सोडत नाहीत, काय करणार? विमान सुटून गेलं, मग तिथल्या पोलिसाने त्याच्याच फोनवरून दिनेशला फोन लावला. आम्ही दोघं धावलो. एका खुर्चीत बसला होता. बॅग मांडीवर, दोन्ही हात कानांवर, डोळे मिटलेले. वरून सारखं कुठलं तरी विमान पुकारत होते. एवढा मोठा माणूस. म्हणाला, "मावशी, कुठे वळायचं तेच गेलं. कुणाला काय विचारायचं, तेही गेलं."

गाडीत म्हणाला, "लोरेनला सांगू नका. मी नालायक आहे असं वाटू दे. आईचं करून ती आधीच मोडलीय. त्यात आणखी माझं नको."

बघा. परत मध्ये उभा राहिला.

आम्ही शब्द दिला. आज मी मोडतेय. त्याला राग आला तर येऊ दे, मी बघून घेईन.

मरताना एकटा होता का? होता. खोटं कशाला सांगू? मंगळवारी चार वाजले, आला नाही. मीच गेले. दार ढकललेलंच होतं. खुर्चीत होता. ताट मी झाकून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

उद्या तो विमानाने तुझ्याकडे येतोय, लोरेन. आम्ही सगळे दारापर्यंत जाणार. या वेळी कुठे वळायचं ते त्याला आठवावं लागणार नाही. आईच्या शेजारी ठेव त्याला. उशीर झाला म्हणून रागावू नकोस.

झालं माझं. आता या माइकवरून त्याचं नाव घेते. चूक झाली म्हणून नव्हे.

वेंडल.

वेंडल, बाबा, नीट केलंस.

कुणी उभं राहू नका. ते गुडघे घेऊन तो आयुष्यभर उभा राहिला, आपण बसूनच राहू. साहेब, आता इंग्लिश नको. लोरेन, तूही बोलू नकोस. दिनेश, रडतोस काय, ऊठ. माइक बंद कर, आणि ट्यूब घालव. चार वाजल्यासारखं होऊ दे.