उपासाच्या आदल्या दिवशीचे शेंगदाणे

सांगा बरं, धंद्यात भरवसा ठेवायचा कुणावर? मी म्हणतो, समोरच्या दुकानदारावर! नारायण पेठेत माझ्यासमोरच रफीकशेठ शेंगदाणे विकतात. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी दाण्यांची पोती भरून माझा टेम्पो निघाला, तर हे आडवे उभे.

"अहो शेठ, रस्ता पेठेचा आहे, तुमचा नाही."

"आधी पोती उतरवा. आपण दोघांनी एकाच ट्रकमधला माल घेतलाय. माझा नमुना प्रयोगशाळेत नापास झाला. बुरशीचं विष निघालं."

"भाजल्यावर जातं हो ते."

"वास जातो, विष राहतं. उद्या अख्खं पुणं दाण्याचं कूट खाणार आहे."

उतरवला माल. तपासला, तर माझाही नापास! मी म्हटलं, "शेठ, गप्प बसला असतात, तर माझी सगळी गिऱ्हाइकं तुमच्याकडे आली असती."

"आली असती. पण धडधाकट यायला नकोत?"

एक तेलवाला तीच पोती अर्ध्या भावात मागत होता. रफीकशेठनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवला. आम्ही माल नष्ट केला.

आता तुम्ही चिक्कीचा कारखाना काढताय, तर एवढं माझं ऐका. फेकलेला माल हिशोबातही फेकलेलाच लिहा, अर्ध्या भावात खपवून त्याचा तोटा भरून काढायला जाऊ नका.