सोमवारच्या परीक्षेची केस

मी, नाव व पत्ता वर नोंदल्याप्रमाणे, वय ७२ वर्षे, निवृत्त इंग्रजी शिक्षिका, शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, माझ्या भाच्याने विद्यापीठाच्या रुग्णालयाविरुद्ध दिलेल्या तक्रारीबाबत समक्ष विचारल्यावरून सांगते की,

मयत ही माझी धाकटी बहीण, भाच्याची आई. तिला बुधवारी पोटदुखी व काविळीसाठी स्त्रियांच्या वॉर्डात खाट क्रमांक १४ वर दाखल केले. मी रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तिच्यापाशी होते.

शुक्रवारी साडेनऊला मोठे डॉक्टर अकरा विद्यार्थी घेऊन आले. पडदा ओढला नाही. तो गुंडाळून ठेवण्यासाठीच असतो असे दिसते. अकराही जणांनी पाळीपाळीने तिचे पोट दाबले. परवानगी कोणी विचारली नाही. एका मुलीने तेवढे "काकू, हात गार आहेत हं माझे" म्हटले. बहीण मला म्हणाली, "ताई, लग्नाच्या वेळीसुद्धा एवढ्या जणांनी पाहिलं नव्हतं गं मला."

मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना इंग्रजीत म्हणाले, "ब्यूटिफुल केस. सोमवारी परीक्षेला हीच ठेवा." आमच्याशी ते बोलले नाहीत. बहिणीला इंग्रजी येत नसे. "काय म्हणाले?" तिने विचारले. मी सांगितले, "केस छान आहे म्हणाले." जिची सोमवारी गरज आहे ती त्याआधी दगावणार नाही, असे मी धरून चालले. त्यांच्यात छान म्हणजे जिच्यात रोगाची सगळी लक्षणे हाताला लागतात अशी, हे मला त्याच गार हातांच्या मुलीने रविवारी सांगितले.

शुक्रवारी दुपारी भाच्याचा फोन आला. तो एका दिवसाच्या प्रवासावर राहतो. "मावशी, निघू का मी?" बहीण म्हणाली, "येऊ दे त्याला." मी त्याला म्हटले, "बरी आहे ती. कशाला उगाच धावपळ? सोमवारनंतर ये."

रविवारी सकाळी ११.१० वाजता बहीण वारली. परीक्षेला वॉर्डातली दुसरी बाई ठेवली.

मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला आजाराविषयी अवाक्षर सांगितले नाही, ही माझी तक्रार आहे व ती मी मागे घेणार नाही. मात्र "रुग्ण बरी असल्याचे रुग्णालयाने कळवले" हे भाच्याच्या तक्रारीतले वाक्य खरे नाही. ते मी कळवले.

जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. बहीण "येऊ दे त्याला" म्हणाली, ही ओळ तपासाला लागत नाही म्हणून त्यांनी वगळली होती. ती मी पुन्हा घालायला लावली. आता बरोबर आहे, म्हणून सही करते.