पाठमोरी क्षमा

बाइंडरच्या दुकानात एक शिक्षिका रांगेत उभी होती. तिच्या पुढे एक म्हातारं जोडपं जुनी, पानं सुटी झालेली कादंबरी चाळत होतं. असूया, आशा, क्षमा अशा भावनांना बाईचं रूप दिलेली आतली चित्रं म्हातारबुवांनीच तरुणपणी छपाईसाठी लाकडी ठशांवर कोरलेली.

“अहो, या असूयेला माझं नाक कशाला दिलंत?”

“दुसरं कुणाचं इतक्या जवळून पाहिलंच नव्हतं.”

“आणि ही आशा?”

“डोळे तुझेच आहेत की.”

“मग क्षमा तेवढी पाठमोरी का?”

“तेव्हा तू माझ्यावर रुसून माहेरी गेली होतीस. समोरून दिसणार कुठून?”

“आले ना पण परत. तेव्हा कोरायचा होता चेहरा.”

“तू आल्यावर कामात लक्ष कुठे होतं?”

“बरं, पुढे सरका. मागच्या बाई ऐकतायत.”