वाळू हाय की!

लातूरच्या बसस्टँडवर सौदामिनीबाई कंधारच्या गाडीची वाट पाहत होत्या. शेजारच्या बाकावर सासू-सुनेची जुंपली होती आणि दोघींच्या मधे फिकुटलेली नात बूट हलवत बसली होती.

"आत्या, डॉक्टरांनी टॉनिक दिलंय. तिला गावाकडं नेऊ नका."

"टॉनिक बी पिईल अन् ऊन बी खाईल. जिल्हा नवा झाला, तुम्ही हापिसाजवळ खोली केली, अन् लेकराला कोंडून टाकलं!"

"गावाकडं दुष्काळ हाय. नदीत थेंब न्हाई."

"वाळू हाय की! माझ्यासंगं झिरा उकरील. हातभर खाली गार पाणी लागतं."

"झिऱ्याचं नाव काढू नका. लहानपणी लगीन होऊन आले, अन् तिथनं घागरी वाहून वाहून माझी शाळा सुटली. माझी लेक तिथं जाणार न्हाई."

कंधारची गाडी लागली. सौदामिनीबाई उठल्या नाहीत.

"तुला पाण्याला धाडलं व्हतं, पंचशीले. हिला मी खेळाया नेते."

"अन् घागर?"

"ह्या डोक्यावर. लेकराला घागरीला हात लावू देणार न्हाई, सांगून ठेवते."

सासूच्या गावाकडं जाणारी शिरूरची गाडी आली. सून खाली वाकली आणि लेकीच्या बुटांचे बंद सोडू लागली.

"आत्या, बूट इथंच राहू द्या. वाळूत खराब व्हतील."